आजींचे स्वेटर बॅगेत ठेवा, पण उतारावर काय घालाल?

पत्राचा सारांश: रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. घरगुती निवास चालवतात, त्यामुळे दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या पाहुण्यांची सरबराई करण्यात जातात. यंदा गर्दी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या, यजमान, चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी असे चौघं गुलमर्गला निघाले आहेत. चार दिवस प्रशिक्षकाकडे स्कीइंग शिकायचा बेत आहे. बर्फ अजून कोणीच पाहिलेला नाही. काय न्यायचं यावरून घरात तीन पक्ष पडलेत. सासूबाईंनी दिवाळीपासून चौघांचे स्वेटर विणायला घेतलेत आणि माकडटोप्याही काढून ठेवल्यात. यजमानांनी ऑनलाइन चार स्की जॅकेटं हेरून ठेवली आहेत, तीस हजारांच्या आसपास जातील. दीर म्हणतात, एक पैसा खर्च करू नका, टंगमर्गला सगळं भाड्याने मिळतं. ताईंचा स्वतःचा विचार असा, की पावसाळ्याचे रेनकोट आणि गमबूट घरात आहेतच, त्यांच्या आत भरपूर गरम कपडे घातले तर भागेल का? चष्मेवाल्या मुलाला हुडीशिवाय काही नको आहे. शेवटी ताई लिहितात, "आम्हाला थंडीची सवयच नाही. धाकटी गारठेल याची भीती वाटते."

ताई,

तुमच्या घरातलं प्रत्येक मत थोडंथोडं बरोबर आहे. गंमत अशी, की सगळे एकट्या थंडीशी लढायला निघालेत. फेब्रुवारीत गुलमर्गला दिवसा पारा शून्याच्या आसपास असतो, ऊन असलं तर थोडा वर. रात्री उणे सात-आठ, कधी त्याहूनही खाली. आपल्याकडे पहाटे अठरा अंश झाले की शाली निघतात, तेव्हा हे आकडे वाचून पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण उतारावर नवशिक्याला छळते ती ओल.

पहिल्या दिवशी तुम्ही काय करणार ते बघा. पायात दीड-दोन किलोचा एकेक बूट, त्याला अडकवलेली स्की, आणि हे सगळं घेऊन आडव्या पावलांनी उतार चढायचा. वीस मीटर घसरत यायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा चढायचं. अर्ध्या तासात पाठ घामाने भिजते. मग प्रशिक्षक सगळ्यांना ओळीत उभं करून दहा मिनिटं समजावतो, तेवढ्यात तोच घाम गार पडतो. शिवाय प्रत्येक वेळी पडताना मनगटातून, कमरेतून, मानेतून बर्फ आत शिरतो आणि अंगाच्या उबेने वितळतो. ओला कपडा अंगातली ऊब भराभर ओढून घेतो. धाकटी गारठलीच तर बहुधा भिजल्यामुळे गारठेल.

ही ओल कोकणातल्या माणसाला नवी नाही. जुलैत रेनकोट चढवून स्कूटरवरून बाजार करून आलात की आतले कपडे पाठीला चिकटलेले असतात. पाऊस आत आलेला नसतो, घामाची वाफ बाहेर गेलेली नसते. बर्फावर त्याच रेनकोटात हेच होईल, आणि तिथे बाहेर सव्वीस अंश नसतील. म्हणून रेनकोट घरी राहू द्या. एरवी काही हरकत नव्हती, पण ज्या कापडातून वाफ जात नाही ते कापड या खेळाला चालत नाही.

स्की जॅकेटच्या चिठ्ठीवर दोन आकडे असतात, १०,००० आणि १०,००० असे काहीतरी. पहिला आकडा कापड किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसेल हे सांगतो. दुसरा, एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडेल हे सांगतो. गुलमर्गचा बर्फ बहुतेक वेळा कोरडा असतो, त्यामुळे चार दिवसांच्या शिकाऊ माणसाला दोन्हीकडे दहा हजार पुष्कळ झाले. वीस हजाराच्या मागे लागू नका. त्यापेक्षा काखेत उघडणारी चेन आहे का बघा, कारण घाम सुटला की तीच उघडायची असते. कमरेशी आतून बर्फ अडवणारा लवचिक पट्टा आणि मनगटाशी घट्ट होणारी बाही या दोन गोष्टीही हव्यात. साध्या विंटर जॅकेटमध्ये आणि स्की जॅकेटमध्ये खरा फरक इथे असतो. आतल्या कापसाच्या जाडीवर जाऊ नका.

आता आतून बाहेर येऊ. अंगाला लागणारा कपडा सुती नको, एवढं एक घरातल्या सगळ्यांच्या गळी उतरवा. सुती बनियन, सुती लेगिंग, सुती पायमोजे घाम पितात आणि धरून ठेवतात. मुलाची हुडीही यात आली, कारण बहुतेक हुड्या सुती असतात. हवी तर ती घालून त्याने संध्याकाळी हॉटेलात मिरवावं. बाजारात 'थर्मल' म्हणून जे मिळतं त्यातही बरंच कापूस किंवा व्हिस्कोस असतं, तेव्हा चिठ्ठी वाचून घ्या. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा मेरिनो लोकर चालेल. मेरिनोला वास कमी येतो पण महाग पडते. पॉलिएस्टर स्वस्त, रात्रीत वाळतं, फक्त दोन दिवसांत त्याला कुबट वास येतो. प्रत्येकी दोन जोड घ्या, एक अंगावर आणि एक वाळत. माप अंगाबरोबर हवं. सैल थर्मल घाम शोषून बाहेर ढकलू शकत नाही.

त्यावर फ्लीसचा, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाचा, एक पातळसर थर, चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाच्या कापडाचा. सासूबाईंच्या स्वेटरचा प्रश्न इथे येतो. ते कशाचे विणलेत ते आधी बघा. हल्ली दुकानात मिळणारी बरीचशी 'लोकर' ॲक्रिलिकची असते. धाग्याचा इंचभर तुकडा चिमट्यात धरून बशीवर जाळा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांनी चुरता येते. ॲक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो. खऱ्या लोकरीचा, अंगाबरोबर बसणारा स्वेटर फ्लीसच्या जागी खुशाल घाला, लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब राखते. ॲक्रिलिकचा असेल तर तो गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, सहलीला आणि संध्याकाळी. चारही स्वेटर न्या, त्यात काहीच वाया जाणार नाही, फक्त एकावर एक चढवू नका. तीन स्वेटर घातलेल्या मुलीला हात वर करता येत नाही, आणि पडल्यावर उठायला हातच लागतात.

उतारावर निघताना थोडं गार वाटायला हवं. हॉटेलच्या दारातच छान उबदार वाटत असेल तर वीस मिनिटांत घाम येणार, एक थर काढून ठेवा.

पैसे खर्च करायचे तर जॅकेटआधी पँटवर करा. नवशिके जास्त वेळ बसलेलेच असतात, आणि बर्फ आधी मांड्या-ढुंगणाखालूनच भिजवतो. जीन्स अजिबात नको. भिजलेलं डेनिम थंडीत फळीसारखं ताठ होतं आणि हॉटेलात वाळतही नाही. स्कूटरची रेनपँटही नको, गुळगुळीत असल्याने पडलेला माणूस खाली घसरत राहतो. स्की पँटला घोट्याच्या आतल्या बाजूला जाड कापडाचं ठिगळ असतं. ते शोभेचं नाही. स्कीच्या कडा धारदार असतात आणि नवशिक्याची एक स्की दुसऱ्या पायावर हमखास घासते. पँटच्या आत खाली एक लवचिक बाही असते, ती बुटावरून ओढून घ्यायची, बुटात खोचायची नाही. खांद्यावरून पट्टे येणारी, छातीपर्यंतची पँट मुलांना उत्तम, पडलं तरी कमरेतून बर्फ जात नाही. बायकांना मात्र तीच पँट स्वच्छतागृहात डोईजड होते, सगळे थर उतरवावे लागतात. तुमच्यासाठी साधी कमरेची पँट आणि लांब जॅकेट बरं.

हातमोज्यांवर कंजूषी करू नका. चौघांच्या सामानात आधी बोंबलणारी वस्तू हीच असते. नवशिका दर पडण्याला हाताने बर्फ दाबून उठतो, दुपारी बारापर्यंत स्वस्त हातमोजे आतपर्यंत ओले होतात आणि बोटं बधिर होऊन धाकटीचा दिवस तिथेच संपतो. विणलेले लोकरी हातमोजे तर बर्फाचे गोळेच गोळा करतात. जलरोधक, आत अस्तर असलेले, मनगटाच्या वर चार बोटं येणारे घ्या. मुलीला बोटांचे नकोत, एकाच खोळीत चारही बोटं जातात ते घ्या, जास्त ऊब राहते. प्रत्येकाला एक जास्तीचा जोड हवा, दुपारी बदलायला. भाड्याच्या हातमोज्यांवर विसंबू नका, आदल्या दिवशीचे कुणाचे तरी ओले हात त्यात गेलेले असतात. घरी हातमोजे घालून जॅकेटची चेन वरखाली करता येते का ते एकदा करून बघा. येत नसेल तर चेनला जाड दोरीचा फास बांधा.

आता बूट. इथे सगळ्यात जास्त चुका होतात.

स्कीचे बूट विकत घेऊ नका, भाड्याचेच घ्या. त्यांचं माप पायाच्या लांबीवरून सेंटिमीटरमध्ये असतं, म्हणजे २५.५ म्हणजे साडेपंचवीस सेंटिमीटरचा पाय. आपल्याकडचा सहा-सात नंबर सांगून अंदाजपंचे मिळेल. कागदावर उभं राहून, टाच भिंतीला टेकवून, सगळ्यात लांब बोटाशी खूण करा आणि मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. संध्याकाळी मोजा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो.

दुकानात बुटाचं आतलं मऊ अस्तर काढायला सांगा. रिकाम्या कवचात पाय घालून अंगठा पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा, म्हणजे दोन बोटं, राहिली तर माप बरोबर. मग अस्तर घालून, टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा आणि घोट्याजवळचा बकल आधी लावा. पायाच्या पंज्यावरचे बकल नुसते अडकवायचे, आवळायचे नाहीत. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम लागतात आणि गुडघे वाकवले की मागे सरकतात, असं झालं पाहिजे. घट्ट वाटतंय म्हणून पुढचं माप मागण्याचा मोह होईल. मागू नका. बुटात पाय हलला की स्की वळवायची तिकडे वळत नाही, आणि पाय स्थिर ठेवण्यासाठी माणूस बकल आवळतो, रक्त तटतं, बोटं गार पडतात. "वाढत्या अंगाचं" हे तत्त्व फ्रॉकला ठीक, मुलीच्या स्की बुटाला मुळीच नाही.

आणि पायमोजा एकच. थंडी आहे म्हणून दोन जोड घालणं ही फार चुकीची काळजी आहे. दोन पायमोज्यांत चुण्या पडतात, फोड येतात, वर बूट घट्ट होऊन रक्त अडतं. गुडघ्याखालपर्यंत येणारा, पातळ किंवा मध्यम जाडीचा, लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा हवा. थर्मलची लेगिंग बुटाच्या वर संपली पाहिजे. ती मोज्यात खोचून बुटात घातली तर तिची शिवण नडगीवर दिवसभर रुतते, संध्याकाळी तिथे लाल वळ उठलेला दिसतो. प्रत्येकाला तीन जोड: दोन उतारावर आलटून पालटून, एक रात्री झोपताना कोरडा.

उतारावर नसताना चालायला काय? टंगमर्गला, गुलमर्गच्या तेरा किलोमीटर आधी, गाडी थांबली की लांब कोट आणि गमबूट भाड्याने देणारे गोळा होतात. दीर म्हणतात ते हेच. बर्फात फिरून फोटो काढायला आणि घसरगाडीवर बसायला ते ठीक. पण त्या लांब कोटात आणि त्या गमबुटात स्की करता येत नाही. स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट गुलमर्गमधल्या स्कीच्या दुकानांतच घ्यायचं. तुमचे घरचे गमबूटही नकोत. थंडीत त्यांचा तळवा कडक होऊन घसरतो आणि आत ऊब अशी काही नसते. घोट्यापर्यंतचे, खाचांचा तळ असलेले ट्रेकिंगचे बूट पुरतील.

हे बूट माळ्यावरून काढणार असाल तर आत्ता काढा, निघायच्या आदल्या दिवशी नव्हे. ट्रेकिंगच्या बऱ्याच बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि आपल्या दमट हवेत तो न वापरताही आतून विघटित होत जातो. चार वर्षं पेटीत पडलेला बूट दिसायला नवा असतो आणि पहिल्याच दिवशी तळवा सुटून हातात येतो. टाचेच्या वरचा भाग अंगठ्याने दाबून बघा. चुरा निघाला, भेग दिसली किंवा कड चिकट लागली तर तो जोड नेऊ नका. जोड धड निघाला तर आठवडाभर घरात, अंगणात घालून वापरा.

हाच नियम यजमानांच्या तीस हजारांना लावा. स्की जॅकेटच्या आतल्या पातळ थराचा शत्रू दमट खारी हवा. चार दिवस वापरून कपाटात ठेवलेलं जॅकेट जून ते सप्टेंबरात बुरशी धरतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत आतलं आवरण पापुद्र्यासारखं सुटू लागतं. थंड प्रदेशात राहणाऱ्याला ती गुंतवणूक वाटते, किनाऱ्यावर राहणाऱ्याला ती नासाडी ठरू शकते. म्हणून वाटणी अशी करा: अंगाला लागतं ते विकत, म्हणजे थर्मल, पायमोजे, हातमोजे, गॉगल. लोखंड-प्लास्टिकचं ते गुलमर्गला भाड्याने. जॅकेट आणि पँट उसने, किंवा मुंबई-पुण्यात ट्रेकचं सामान भाड्याने देणारे आहेत त्यांच्याकडून. हिमालयात जाऊन आलेलं कुणी ना कुणी ओळखीत निघतंच, त्यांच्याकडे विचारा. मुलीच्या मापाचं मात्र इथूनच न्या, तिथे बरोबर मापाचं हाती लागेलच असं धरून चालू नका. चारऐवजी एक जॅकेट विकत घेतलंत तरी पुरे.

उसनं जॅकेट घेतल्यावर दोन चाचण्या करा. खांद्याच्या शिवणीवर पेलाभर पाणी ओतून आत हात घाला, ओलं लागतंय का बघा. मग ते घालून उकिडवं बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या. पाठ उघडी पडली किंवा बाही मनगटाच्या वर गेली तर माप लहान आहे.

डोक्याकडे वळू. माकडटोपी हेल्मेटच्या आत बसत नाही. तिच्या जाडीमुळे हेल्मेट वर उचललं जातं आणि पडलात की हलतं. आत पातळ टोपी किंवा नुसतं डोकं, हेल्मेटमध्ये उबेपुरतं अस्तर असतंच. घरचं स्कूटरचं हेल्मेट न्यावं असं वाटू शकेल, पण ते जड असतं, त्यात ऐकू येत नाही आणि स्कीचा गॉगल त्यावर बसत नाही. स्कीच्या हेल्मेटवर आत ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ२०४० असं छापलेलं असतं. माप कपाळावरून, भुवईच्या बोटभर वरून, डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये. मुलीचा घेर लिहून ठेवा. गळ्यात मफलर, ओढणी, लोंबणारी दोरी काही नको, ओढत नेणाऱ्या लिफ्टमध्ये ती अडकते. त्याऐवजी गळ्याभोवतीची नळीसारखी कापडी पट्टी प्रत्येकी दोन. वेणी खाली, मानेवर घाला. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही.

सौभाग्यलेणं हा नाजूक विषय, पण विचारायला लाजू नये म्हणून सांगते. काचेच्या बांगड्या हातमोज्यात फुटल्या तर काच आतच राहते, त्या चार दिवस काढून ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर आखूड करून थर्मलच्या आत. घट्ट अंगठीही काढा, पडताना बोट सुजलं की ती निघत नाही.

आम्ही समुद्रकाठचे, उन्हाचं आम्हाला काय, असं यजमान म्हणतील. कोरडी वाळू अतिनील किरणं सुमारे १५ टक्के परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. शिवाय दर हजार मीटर उंचीला ही किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणजे ऊन खालूनही येतं. एसपीएफ ५० चं सनस्क्रीन नाकाच्या खाली, हनुवटीखाली, कानांच्या पाळ्यांना लावा, दर दोन तासांनी पुन्हा. खोबरेल तेल हा पर्याय नाही. ते तसंही चोवीस अंशांखाली बाटलीत गोठून बसेल. ओठांसाठी सनस्क्रीन असलेला बाम घ्या.

गॉगल दुहेरी काचेचा हवा, एकेरी काच धुकटते. काचेवर एस-२ किंवा एस-३ असा आकडा असतो. एस-३ लख्ख उन्हाला, एस-२ ढगाळ दिवसालाही चालतो. एकच घ्यायचा तर एस-२. मुलासाठी चष्म्यावर बसणारा गॉगल मागा आणि दुकानात त्याच्या चष्म्यासकट घालून बघा. चष्म्याच्या काड्या कानशिलावर दाबत असतील तर तासाभरात डोकं दुखतं. गॉगल कपाळावर चढवू नका, कपाळाच्या घामाची वाफ आत जाऊन बसते. आतून ओला झाला तर रुमालाने घासू नका, टिपून घ्या, घासलं की धुकं अडवणारा थर निघतो. गॉगल न लावता दिवस काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं आणि दुसरा दिवस अंधाऱ्या खोलीत जातो.

उंचीबद्दल थोडकंच. समुद्रसपाटीवरून तुम्ही थेट २,६५० मीटरवर जाणार. जमलं तर एक रात्र श्रीनगरला काढा, ते १,५८५ मीटरवर आहे. गुलमर्गच्या पहिल्या दिवशी गोंडोलाचा दुसरा टप्पा टाळा, तो ३,९५० मीटरच्या आसपास नेतो. डोकेदुखी, मळमळ झाली तर आराम आणि पाणी, वाढत गेली तर खाली उतरायचं. कुणाला दमा, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पडतं, प्रत्येकाजवळ बाटली हवी. खिशात काजू, खजूर, चिक्की.

रात्री खोलीत सामान वाळवणं हे रोजचं काम. कोकणात पावसाळाभर घरात दोऱ्या बांधून कपडे वाळवणाऱ्या माणसाला ते शिकवायला नको. पाच-सहा मीटर दोरी आणि डझनभर चिमटे बॅगेत टाका. हातमोजे आणि स्की बुटांचं आतलं अस्तर उघडून टांगा, पण बुखारीवर, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीवर, किंवा हीटरला चिकटवून ठेवू नका. कृत्रिम कापड वितळतं, कातडं कडक होऊन तडकतं. दोन हात अंतर पुरे. आणि बुखारी पेटलेली ठेवून दारं-खिडक्या गच्च लावून झोपू नका. निदान एक फट उघडी हवी, त्या धुराचा विषारी वायू वास न देता माणसाला झोपेतच गाठतो.

बॅग भरताना जॅकेट, पँट, हातमोजे, गॉगल आणि एक थर्मलचा जोड विमानात जवळच्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग एक दिवस उशिरा पोचली तरी तुमचा वर्ग बुडत नाही, बाकी काही उसनं मिळतं. पॉवरबँकही जवळच ठेवावी लागते, चेक-इन सामानात चालत नाही. मोबाइल उतारावर आतल्या खिशात, गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, घरात एकाचं तरी पोस्टपेड असू द्या.

परत आल्यावर जॅकेट-पँट सौम्य साबणाने धुवा, कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका, कापडाची छिद्रं बुजतात. उन्हात पूर्ण सुकवून उसनं ते परत करा. विकत घेतलेलं ठेवायचं असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि गणपतीत एकदा काढून ऊन दाखवा. खऱ्या लोकरीच्या स्वेटरला कसर लागते, त्यात डांबराच्या गोळ्या टाका.

आज रात्री एक काम करा. चौघांची उंची, वजन, वय, पायाची लांबी आणि डोक्याचा घेर एका कागदावर लिहा आणि प्रशिक्षकाला आधीच पाठवा, म्हणजे तुमच्या मापाचं सामान बाजूला ठेवता येतं. स्कीची लांबी साधारण हनुवटीपर्यंत मागा, लांब स्की नवशिक्याला वळत नाही. आणि वजन खरं लिहा, पाच किलो कमी करून नको. त्यावर, बुटाच्या तळाच्या लांबीवर आणि तुम्ही किती शिकलेले आहात त्यावर बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या कळीचा, स्क्रू बसवतात. तो सैल राहिला तर स्की मध्येच निघून येते. "थोडंफार येतं" असं उगाच सांगून तो घट्ट करून घेतला तर पडल्यावरही स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. चौघांच्याही नावापुढे "अगदी नवीन" असंच लिहा.